हॉस्पिटलसाठी दोरावरून उतरताय? या चुका टाळा

नॉर्थॅम्प्टनचा लिफ्ट टॉवर 127 मीटर उंच आहे. लिफ्टच्या चाचण्यांसाठी बांधलेला हा काँक्रीटचा खांब 1982 साली सुरू झाला. पुढे धर्मादाय कामांसाठी लोक त्यावरून दोराने उतरू लागले. ब्रिटनमध्ये याला ॲबसेल म्हणतात. सह्याद्रीत भटकलेल्यांना रॅपलिंग म्हटलं की कळेल. मीही एकदा हॉस्पिटलमधल्या मुलांच्या वॉर्डासाठी अशीच उतरले. उंचीच्या भीतीची तयारी महिनाभर केली होती, घोळ झाले ते भलतीकडेच.

पहिला घोळ पैशांचा. देणगीचं पेज उघडलं, सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंक टाकली आणि वाट बघत बसले. चार दिवस नुसते अंगठे आले. रिकाम्या पेजवर पहिला आकडा टाकायला कोणी धजत नाही. तो आधी घरच्यांकडून टाकून घ्या आणि जरा बरा असू द्या, कारण पुढचे त्याच मापाने देतात. मग एकेकाला वेगळा मेसेज करा. नोंदणी फी स्वतः भरली असेल तर तेही पेजवर लिहा. ‘आमच्या पैशांवर हिची मजा’ ही कुजबुज तिथेच थांबते.

देणगी देताना फॉर्मवर करायची गिफ्ट एडची खूण बरेच जण विसरतात. देणारा ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरत असेल, तर प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून संस्थेला 25 पेन्स जादा मिळतात. पुण्याच्या मावशीने मात्र ती खूण करायची नाही. ती इथे कर भरत नाही. मंडळात दहा जणांचे पैसे गोळा करून एकानेच भरले, तरी त्यावर गिफ्ट एड मागता येत नाही. कागदी फॉर्मवर ‘जोशीकाका, 10 पाउंड’ चालत नाही; पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि पोस्टकोड हवा.

दमा, बीपी काही असेल तर नोंदणीच्या फॉर्मवर लपवू नका. वारा वाढला तर तारीख पुढे जाते, तेव्हा नातेवाइकांना लांबून बोलावताना हे सांगून ठेवा.

वेणी जॅकेटच्या आत टाका. ओढणी, लांब मंगळसूत्र, हुडीच्या नाड्या, डिसेंडर (कमरेशी अडकवलेलं, दोर ज्यातून सरकतो ते ब्रेकचं साधन) काहीही गिळतो. केस अडकलेच तर झटका देऊ नका, डिसेंडरखालचा दोर धरलेला हात सोडू नका, ओरडून सांगा. सेफ्टीचा दुसरा दोर असतो. वरचा माणूस त्यावर भार घेऊन सोडवतो.

काठावर भिंतीला कवटाळलं की पाय घसरतात आणि गुडघे सोलवटतात. पाय फाकवून, खुर्चीत बसल्यासारखं मागे झुका. मी झुकले, हात सैल केला आणि हललेच नाही! वाटलं, अडकले. खरं तर खाली लोंबणाऱ्या एवढ्या लांब दोराचंच वजन आठ-नऊ किलो भरतं आणि तेच ब्रेक लावतं. सुरुवातीला दोर उचलून डिसेंडरमध्ये मूठ-मूठ सरकवावा लागतो. खाली जाल तसं ते वजन घटतं आणि वेग आपोआप वाढतो. तेव्हा खालच्या हाताची मूठ आवळा. वरच्या दोराला घट्ट धरून काही होत नाही.

जमिनीवर पाय टेकल्यावर डिसेंडर खालच्या माणसाला सोडवू द्या. घर्षणाने तो तापलेला असतो. मी उत्साहात स्वतःच सोडवायला गेले, आणि दोन दिवस चहाचा कप डाव्या हाताने धरला.