पी-ग्लायकोप्रोटीनवर काम सुरू करताय? आधी पंप चालताना बघा

पी-ग्लायकोप्रोटीन हे पेशीतून औषध बाहेर फेकणारं प्रथिन, म्हणजे एक पंपच. त्यावरच्या माझ्या पीएचडीचे पहिले चार महिने एका काळ्या ओघळात गेले. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) १७० किलोडाल्टन वजनाच्या आसपास नेटका बँड यायला हवा होता. माझ्याकडे लेनच्या टोकापासून शाई सांडल्यासारखं काहीतरी यायचं. अँटिबॉडी बदलली, ब्लॉकिंग वाढवलं, मेम्ब्रेन बदलली. शेवटी शेजारच्या बाकावरच्या सीनियरने विचारलं, "सॅम्पल उकळतेस का गं?" उकळत होतेच की! ९५ अंश, पाच मिनिटं, सगळे करतात तसं. पण हे प्रथिन पेशीच्या पडद्यातून बारा वेळा आरपार जातं. उकळलं की त्याचे गोळे होतात आणि ते जेलमध्ये धड शिरत नाहीत. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलं, आणि पुढच्या ब्लॉटला बँड हजर.

आनंद दोन दिवस टिकला. गाइडनी ब्लॉट पाहून एवढंच म्हटलं, "प्रथिन आहे हे कळलं. ते काम करतंय का?"

हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. १९७६ मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना हे प्रथिन कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडलं. नावातला 'पी' पर्मिअॅबिलिटीचा, कारण औषध आत शिरत नसावं असं तेव्हा वाटत होतं. प्रत्यक्षात औषध आत येतं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून बाहेर फेकलं जातं. माणसात त्याचं जनुक एबीसीबी१, सातव्या गुणसूत्रावर. लांबी १,२८० अमिनो आम्लं. गंमत अशी की डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधांचं एकमेकांशी रूपाने काही नातं नाही, तरी हा पंप तिघांनाही हाकलतो. म्हणून एका औषधाला सरावलेली कर्करोगाची गाठ कधी न पाहिलेल्या दुसऱ्या औषधालाही जुमानत नाही.

तर पंप बघायचा कसा? रोडामाइन १२३ हा हिरवा चमकणारा रंग घ्या. पेशींना अर्धा तास पाजा, धुवा, रंगाविना तासभर ३७ अंशांवर सोडा आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) मोजा. एका नळीत व्हेरापॅमिल हे हृदयाचं औषध घालून पंप अडवा. पंप असलेल्या पेशी अंधारतात, व्हेरापॅमिलवाल्या उजळ राहतात. या दोन नळ्यांमधला फरक हेच तुमचं उत्तर. नुसत्या अंधाराला अर्थ नाही, कारण पेशीने रंग मुळात कमी घेतला असला तरी ती अंधारीच दिसेल.

माझा हा प्रयोग तीनदा फसला. नळ्या बर्फात होत्या, पण सेंट्रिफ्यूज आधी थंड करून ठेवलं नव्हतं. मी मोजायला नेईपर्यंत पंप आपला चालूच! बफर, रोटर, सगळं आधी गार करा.

डॉक्सोरुबिसिन स्वतःच लालसर चमकतं. एकदा तरी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पेशी शेजारीशेजारी बघा. साध्या पेशीचं केंद्रक निखाऱ्यासारखं, प्रतिरोधी पेशीचं काळंभोर. दहा रिव्ह्यू वाचून मला जे उमगलं नव्हतं ते तिथे उमगलं.

"मग पंप अडवणारं औषध रुग्णाला का देत नाहीत?" हे प्रत्येक सेमिनारमध्ये कुणीतरी विचारतंच. प्रयत्न झाले, अनेक. पण हाच पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत राखण करतो. जुलाबावरचं लोपेरामाइड खरं तर ओपिऑइड, तरी नेहमीच्या मात्रेत ते डोक्यात चढत नाही, त्यात याचा मोठा वाटा. व्हेरापॅमिल पुरेसं द्यावं तर हृदयावर ताण येतो. व्हॅल्स्पोडार या पंप अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाने केमोचं औषध शरीरातून निघायलाच उशीर व्हायचा, म्हणून केमोची मात्रा कमी करावी लागे.

सेल लाइनच्या (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या) नावावर मात्र विश्वास ठेवू नका. एमसीएफ-७/एडीआर वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. डीएनए तपासल्यावर ती अंडाशयाच्या ओव्हीकार-८ ची निघाली. तुमची लाइन आली की आधी एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करून घ्या. औषधाशिवाय वाढवत राहिलात तर बऱ्याच लाइन्सचा प्रतिरोध हळूहळू ओसरतो, म्हणून फ्लास्कमध्ये औषध चालू ठेवा आणि प्रयोगाच्या काही दिवस आधीच थांबवा. पहिल्या पॅसेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवून वाढवायची एक फेरी) दहा-बारा वायल लगेच गोठवा. मी दोनच ठेवल्या होत्या, त्यातली एक वितळवताना हातातून पडली.