कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांवर बातमी करताना या चुका टाळा

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या तरुणाची बातमी चुकली, तर वार्ताहराला दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. त्या तरुणाला मात्र ती चूक पुढच्या अर्जात, नोकरीच्या ठिकाणी, कधी थेट इमिग्रेशन कोर्टात निस्तरावी लागते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत आणि पोर्टलवर हा विषय वारंवार येतो आणि त्याच त्या चुकाही येतात.

‘बेकायदा’ म्हणावं की नाही हा वाद जुना आहे. एपी या वृत्तसंस्थेने २०१३ मध्येच माणसाला ‘बेकायदा’ हे विशेषण लावणं बंद केलं. ते योग्यच झालं. पण शब्द सांभाळून लिहिलेल्या बातमीतूनही माणूस अडचणीत येऊ शकतो.

सगळ्यांना एकाच माळेत ओवणं

लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रांविना वाढलेल्या तरुणांना ‘ड्रीमर’ म्हणतात. हे नाव ज्या ड्रीम ॲक्टवरून आलं, तो कायदा आजही अस्तित्वात नाही. डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच या सिनेटरांनी २००१ मध्ये अशा तरुणांना कायदेशीर दर्जा देण्यासाठी विधेयक आणलं. २०१० मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, पण सिनेटमध्ये त्याला ५५ मतं पडली आणि पुढे जाण्यासाठी हवी होती ६०. त्यानंतर १५ जून २०१२ ला ओबामा प्रशासनाने डीएसीए (डिफर्ड ॲक्शन फॉर चाइल्डहूड अरायव्हल्स) ही योजना जाहीर केली. तो कायदा नव्हे, प्रशासकीय निर्णय आहे. दोन वर्षं हद्दपारीची कारवाई पुढे ढकलायची, काम करण्याचा परवाना द्यायचा आणि मुदत संपत आली की नूतनीकरण करायचं, एवढंच त्यात आहे. ग्रीन कार्डकडे किंवा नागरिकत्वाकडे त्यातून वाट जात नाही. म्हणून ‘डीएसीए मिळालं आणि तो कायदेशीर झाला’ हे वाक्य चुकीचं आहे.

योजनेच्या अटी टेबलावर चिकटवून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत. वयाची १६ वर्षं पूर्ण होण्याआधी अमेरिकेत आलेला, १५ जून २००७ पासून सलग तिथे राहिलेला, १५ जून २०१२ ला ३१ वर्षांखालचा आणि त्या दिवशी कायदेशीर दर्जा नसलेला. शिक्षण आणि गुन्हेगारी नोंदींच्या अटी वेगळ्या. आता हिशेब करा. यातले सगळ्यात मोठे आज चाळिशी ओलांडलेले आहेत, त्यांची स्वतःची मुलं शाळेत जातात. उलट आज तिथल्या हायस्कूलमध्ये शिकणारी कागदपत्रांविनाची जवळजवळ सगळी मुलं २००७ नंतर आलेली असल्याने या योजनेत बसतच नाहीत. तरीही बातमीत शाळकरी पोराचा फोटो आणि खाली ‘डीएसीएधारक’ असा मजकूर सर्रास दिसतो.

मराठी घरांशी खरा संबंध आहे तो वेगळ्याच गटाचा. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आईवडिलांची मुलं एच-४ या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावर जातात, तिथेच वाढतात. ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. मुलगी २१ वर्षांची झाली की बहुतेकदा आईवडिलांच्या अर्जातून तिचं नाव गळतं. मग विद्यार्थी व्हिसा घ्या, दुसरा मार्ग शोधा, नाहीतर देश सोडा. या मुलांकडे कागदपत्रं कायम होती, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांना डीएसीए मिळत नाही. त्यांना ‘बेकायदा राहणारे’ म्हणणं ही बदनामी आहे. आपल्याच वाचकांच्या नात्यातली ही मुलं आहेत, तेव्हा इथे तरी गल्लत नको.

दर्जा लिहिला, तारीख लिहिली नाही

या तरुणांचा कायदेशीर दर्जा कोर्टाच्या प्रत्येक निकालागणिक हलतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने डीएसीए बंद करण्याची घोषणा केली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रोखली. अनेकांनी तेव्हा ‘डीएसीए वैध’ असं लिहिलं. न्यायालय तसं म्हणालं नव्हतं. बंद करण्याची पद्धत मनमानी होती, एवढंच म्हणालं होतं. जुलै २०२१ मध्ये टेक्सासमधल्या न्यायाधीश अँड्र्यू हॅनन यांनी योजनाच बेकायदेशीर ठरवली, पण आधीपासून योजनेत असलेल्या जुन्या लोकांचं नूतनीकरण चालू राहिलं आणि नवे अर्ज मंजूर करणं थांबलं. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने आपल्या निकालाचा परिणाम टेक्सासपुरता ठेवला आणि हद्दपारीपासूनचं संरक्षण व कामाचा परवाना या दोन गोष्टी वेगळ्या केल्या.

म्हणजे ‘डीएसीए रद्द’ किंवा ‘डीएसीए वाचलं’ अशा मथळ्यात बातमी बसतच नाही. निकाल कोणत्या कोर्टाचा, कोणत्या राज्याला लागू, त्याला स्थगिती आहे का, आणि तो जुन्या लोकांबद्दल आहे की नव्या अर्जदारांबद्दल, हे चार प्रश्न सुटल्याशिवाय मथळा करू नका. बातमीत ‘अमुक महिन्यातल्या स्थितीनुसार’ असं स्पष्ट लिहा. दोन वर्षांनी कोणी ती शोधून वाचली, तर तो आजचा नियम नव्हे हे त्याला कळलं पाहिजे. अशा बातम्या वाचून लोक खरोखर अर्ज करतात किंवा करायचं टाळतात.

नाव झाकलं, बाकी सगळं उघडं ठेवलं

समजा, नाव बदललं. पण ‘न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळात दरवर्षी गणपतीत गाणारी, मूळची नाशिकची, नर्सिंग शिकणारी’ असं लिहिलं, तर परक्या मुलखातल्या मराठी समाजात ती कोण हे तासाभरात कळतं. तिला ओळखणाऱ्याने काय जोडून काढलं असतं, या नजरेने कॉपी वाचा आणि तीनपैकी दोन खुणा काढून टाका. घरातल्या इतरांनाही हाच नियम लावा. एकाच घरात अमेरिकेत जन्मलेला धाकटा नागरिक असतो, थोरलीकडे डीएसीए असतं आणि आईकडे काहीच नसतं. थोरलीला सांभाळलं आणि आई कोणत्या हॉटेलात काम करते ते छापलं, तर कोणालाच सांभाळलं नाही. गावाकडचं घर, एजंटला दिलेले पैसे आणि त्यासाठी काढलेलं कर्ज यांचंही तेच.

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. डिसेंबर २०१२ मध्ये अँटीव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी लपून राहत असताना व्हाइस या माध्यमसंस्थेने त्यांचा फोटो टाकला आणि फाइलमधल्या नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. फोटो चढवण्याआधी ही माहिती पुसा. पासपोर्ट, परवाना किंवा सरकारी क्रमांकाचे फोटो आपल्या फोनमध्ये ठेवूच नका. बघा, खात्री करा, परत द्या. पत्रकाराच्या गुप्त सूत्रांना संरक्षण देणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. ‘तुझं नाव कुठेही जाणार नाही’ हे वचन देताना ते आठवावं.

रंगतदार तपशिलासाठी दार बंद करणं

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच, आणि ती बहुधा चांगला वार्ताहर करतो, कारण तो बारकाईने विचारतो. ‘नोकरी कशी मिळवलीस?’ या प्रश्नावर तरुण सांगून जातो की फॉर्मवर ‘नागरिक’ या चौकोनात खूण केली. वाचकाला ते वाक्य धाडसाचं वाटतं. पण १९९६ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार, आपण अमेरिकन नागरिक आहोत असं खोटं सांगणं हा ग्रीन कार्डच्या वाटेतला कायमचा अडसर आहे आणि त्यातून सूट मिळणं जवळपास अशक्य आहे. मतदान केलं का, सीमा कोणाबरोबर ओलांडली, पैसे कोणी दिले, हे प्रश्नही याच जातीचे. शेवटच्या दोन उत्तरांनी आईवडीलही अडकू शकतात. असं काही कानावर आलं, तर रेकॉर्डिंग थांबवा आणि वकिलाशी बोलून मग ठरवा असं सांगा. तो तपशील वगळल्याने बातमी पडत असेल, तर ती पडू द्या.

इथे होजे अँटोनिओ व्हार्गस यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. फिलिपिन्समधून १२ व्या वर्षी आलेले, पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या चमूत असलेले हे पत्रकार. जून २०११ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने आपली हकिगत लिहिली, त्यात ती चौकोनातली खूणही होती. वर्षभराने डीएसीए आलं तेव्हा ते ३१ वर्षांचे होते, काही महिन्यांनी हुकले. २०१४ मध्ये टेक्सासच्या मॅकॅलन विमानतळावर त्यांना काही तास ताब्यातही घेतलं गेलं. पण तो निर्णय ३० वर्षांच्या, पत्रकारिता आतून ओळखणाऱ्या, परिणाम तोलून पाहिलेल्या माणसाचा होता. ‘व्हार्गस बोलले, तू का नाही?’ असं १७ वर्षांच्या मुलीला म्हणू नका. तिची संमती एकदा नव्हे, तीनदा घ्या: बोलण्याआधी, लिहून झाल्यावर आणि छापण्याच्या आदल्या दिवशी. अल्पवयीन असेल तर घरच्यांचीही.

‘मग रांगेत का नाही उभा राहिला?’

बहुतेकांसाठी रांगच नाही. १९९६ च्याच कायद्याने असं केलं की वर्षभरापेक्षा जास्त काळ परवानगीविना राहून देश सोडला, तर १० वर्षं परतता येत नाही. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी असेल, तर ३ वर्षं. वयाच्या १८ व्या वाढदिवसापर्यंतचे दिवस यात धरत नाहीत. म्हणून ‘गावी जाऊन नीट व्हिसा घेऊन यावं’ हा सल्ला १८ व्या वर्षी आणि २० व्या वर्षी अगदी वेगळा ठरतो. नागरिकाशी लग्न केलं की प्रश्न मिटतो, हेही अर्धसत्य आहे. व्हिसावर येऊन मुदत उलटलेल्याला सहसा देशातूनच अर्ज करता येतो; सीमा चोरून आलेल्याला सहसा येत नाही.

फक्त पहिल्या नंबरात आलेल्यांच्याच कथा करणं हीसुद्धा चूकच. नापास झालेल्या, बांधकामावर काम करणाऱ्या मुलाचा दर्जाही तितकाच टांगलेला असतो. ‘मुलाचा काय दोष’ म्हणताना आईवडिलांना नकळत आरोपी करू नका. अनेक तरुणांना ते वाक्य मनापासून खटकतं.

चूक छापून झाली असेल तर

आधी त्या तरुणाला फोन करा, मग संपादकांना. ओळख उघड झाली असेल, तर वेबवरचा मजकूर बदलूनच थांबू नका. फेसबुक पोस्ट, यूट्यूबचा थंबनेल, व्हॉट्सॲपवर फिरलेलं कार्ड, ईपेपरची प्रत आणि मजकूर उचलणारी भागीदार पोर्टलं, सगळीकडे तो राहतो. प्रत्येकाची यादी करा आणि काढल्याची खूण मारा. गुगलच्या शोधातली जुनी प्रत हटवण्याची विनंती वेगळी करावी लागते. दुरुस्तीची टीप लिहिताना मूळ तपशील पुन्हा लिहू नका. ‘एका व्यक्तीच्या सुरक्षेसाठी मजकुरात बदल केला आहे’ एवढं पुरे. चूक कायद्याची असेल, तर मात्र उलट करा: काय चुकलं, बरोबर काय आणि ते कोणत्या तारखेपर्यंतचं, हे बातमीच्या वरच्या बाजूला ठळक छापा. काही वर्षांनी कोणी नाव काढण्याची विनंती केली, तर ‘तेव्हा तुम्हीच हो म्हणालात’ हे उत्तर देऊ नका. २०१४ मध्ये दिलेला होकार २०१४ मधल्या नियमांवर दिलेला होता.