घरच्या घरी काईटबोर्ड: रेझिनचा डबा उघडायच्या आधीचं काम

काईटबोर्ड, म्हणजे काईटच्या (मोठ्या पतंगाच्या) ओढीने पाण्यावर पळणारा बोर्ड, घरी बनवणं वाटतं तेवढं अवघड नाहीये, पण बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात, फायबरग्लासचं (काचेच्या धाग्यांचं) कापड आणि इपॉक्सी, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन, घरी आलं की दुसऱ्याच दिवशी डबा उघडून बसतात. रेझिनचं काम सगळं मिळून तासाभराचं, पण बोर्ड होणार की नुसती फळी होणार हे त्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. मी आत्तापर्यंत तीन बनवले, पहिला पिळलेला निघाला, दुसरा जड झाला, तिसरा अजून वापरतोय, तर खाली लिहिलंय त्यातलं निम्मं त्या पहिल्या दोघांनीच शिकवलंय.

आपण ट्विन-टिप बनवतोय, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा चालणारा. ७५-८० किलोच्या माणसाला १३८ सेंटिमीटर लांब आणि ४१ रुंद ठीक पडतो, वजन जास्त असेल किंवा वारा कमी असतो तिथे वापरणार असाल तर थोडा मोठा घ्या. आकार काढताना अख्खा बोर्ड काढायच्या भानगडीत पडू नका. जाड पुठ्ठ्यावर फक्त पाव भाग काढायचा, मनासारखा झाला की कापायचा आणि तोच उलटसुलट करून चारही कोपरे आखायचे, चारही बाजू आपोआप सारख्या येतात.

रॉकर टेबल

बोर्डची टोकं जी वर उचललेली असतात तो रॉकर. १३८ सेंटिमीटरला ३५ मिलिमीटर रॉकर म्हणजे साधारण ६.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. एवढा लांब कंपास कुणाकडे नसतो, म्हणून तीन खिळे ठोका, एक मधे आणि दोन टोकांना, त्यावर लवचिक लाकडी पट्टी वाकवून रेघ मारा. त्या रेघेवर प्लायवूडच्या पाच-सहा आडव्या फासळ्या अशा कापायच्या की मधे खोल आणि टोकाकडे उंच असं टेबल तयार होईल, आणि वरून ६ मिलिमीटरचा, एका बाजूला गुळगुळीत लॅमिनेट लावलेला प्लाय स्क्रूने बसवायचा. बोर्डचा तळ या प्लायवरच बनणार आहे, म्हणजे प्लायवर जो उंचवटा असेल तोच तळावर येणार.

आता टेबल पिळलेलं नाही ना ते बघा. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि एका टोकाला डोळा लावून बघायचं, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. सुतार दरवाजाची चौकट अशीच बघतात. मी पहिल्या वेळी हे केलं नाही, टेबल एका कोपऱ्यात ४ मिलिमीटर वर होतं, आणि तो बोर्ड शेवटपर्यंत एका बाजूला ओढत राहिला, मी आधी सहा महिने काईटला दोष देत होतो!

कोअर

कोअर म्हणजे आतलं हलकं सारण. दोन पर्याय बरे: पॉलोनियाचं लाकूड किंवा घट्ट पीव्हीसी फोम, साधारण ८० किलो प्रति घनमीटरचा. पॅकिंगचा पांढरा थर्माकोल अजिबात नको, टाच मारली की दबतो. पहिल्या बोर्डला मी लाकूड सुचवेन, कारण रांध्याखाली ते छान सोलतं आणि स्क्रूच्या जागी फोमपेक्षा कमी दगा देतं. पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून १० मिलिमीटर जाडीचा पाट बनवायचा, एक पट्टी उलटी एक सुलटी, म्हणजे पाट बाक धरत नाही.

जाडी हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. कापड तेच ठेवून कोअर ८ ऐवजी १० मिलिमीटर केला तर बोर्ड जवळपास दीडपट ताठ होतो. म्हणजे "थोडं जाड राहिलं तर काय बिघडतं" असं म्हणून रांधा खाली ठेवलात तर बोर्ड लाटांवर नुसता ठोकत जातो आणि संध्याकाळी गुडघे बोलतात. मधे १०, पायांच्या जागी ९, टोकांना आणि कडांना ४ मिलिमीटर, असं उतरतं ठेवायचं. पेन्सिलने कोअरवर रेघा मारून प्रत्येक रेघेवर जाडी लिहून ठेवा, तोंडी लक्षात राहत नाही.

पण रांधा मारायच्या आधी कडा करून घ्यायची, आणि ही युक्ती मला फार उशिरा सुचली. लाकडाची कड उघडी राहिली आणि कधी दगडाला घासली की पाणी आत शिरतं आणि मग बोर्ड सडतो. म्हणून कोअर अजून चौकोनी असतानाच तळाच्या बाजूने, पुठ्ठ्यावरून आखलेल्या आकाराच्या रेघेवर राउटरने १२ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल चर मारायचा आणि त्यात घट्ट केलेलं इपॉक्सी भरायचं. घट्ट करायला सिलिका पावडर आणि बारीक कापलेले काचेचे धागे टाकायचे, पीनट बटरसारखं दाट, चमचा उभा राहील इतपत. दोन वेळात भरा, एकदम भरलं तर तापतं. नंतर वरच्या बाजूने रांधून कडेची जाडी ४ वर आणली की चराच्या वरचं लाकूड निघून जातं आणि खालून सलग इपॉक्सीची पट्टी दिसते. शेवटी बोर्ड कापताना याच पट्टीच्या मधून कापायचं.

तसंच पायांच्या पॅडच्या स्क्रूंचं. आपल्या पॅडची भोकं मोजा, दोन पायांच्या मध्यातलं अंतर ५५ ते ६० सेंटिमीटर धरा, त्या जागी कोअरमधे मोठी भोकं पाडून कठीण लाकडाचे ठोकळे चिकटवा. एम ६ चे स्टीलचे इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या, ज्यात स्क्रू आवळतो) नंतर या ठोकळ्यांत बसतील. फिनच्या (तळाला लागणाऱ्या छोट्या पंखाच्या) स्क्रूच्या जागी १२ मिलिमीटरचं भोक पाडून ते दाट इपॉक्सीने भरून टाकायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध ६ चं भोक, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही.

आता रेझिन

हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, तोंडाला रसायनांच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्क, खिडक्या उघड्या. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, नुसत्या वासानेही अंग उठायला लागतं, त्यामुळे "पाच मिनिटांचंच काम आहे" म्हणत उघड्या हातांनी करू नका.

कापडाचे दोन थर वर आणि दोन खाली: एक ४०० ग्रॅमचं ४५ अंशात तिरकं विणलेलं, एक ३०० ग्रॅमचं सरळ. सरळ धागे वाकणं रोखतात, तिरके पिळणं रोखतात, दोन्ही लागतात. कार्बनच्या कापडाचा मोह पहिल्या बोर्डला आवरा. बोर्डचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरलं तर चारही थर मिळून ७०० ग्रॅम कापड, आणि रेझिन साधारण तेवढंच, वर लाकूड पितं आणि कपात राहतं ते धरून किलोभर ते सव्वा किलो. हार्डनर वजनकाट्यावर मोजायचा, डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच. जास्त घातला तर लवकर वाळेल ही समजूत चुकीची आहे, उलट ते रबरासारखं मऊच राहतं. हार्डनर स्लो घ्या, आणि खोली १० अंशांनी जास्त गरम असेल तर हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो हे लक्षात ठेवा. एका कपात २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. मी एकदा आळस करून ६०० ग्रॅम एकाच कपात कालवलं आणि फोन घ्यायला गेलो, परत आलो तर कपातून धूर येत होता आणि कप तळाशी वितळून टेबलाला चिकटलेला.

आदल्या दिवशी कोरडी तालीम करा, खरंच करा. सगळं कापलेलं, क्रमाने ठेवलेलं, व्हॅक्यूम बॅग (आतली हवा काढली की बोर्डला टेबलावर दाबून धरणारी प्लास्टिकची पिशवी) बंद करून पंप लावून बघितलेला. कुठूनतरी सूं असा बारीक आवाज येतोच, तो कान लावून शोधायचा, रेझिन ओलं असताना शोधायला वेळ नसतो. पंप म्हणून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालतो.

मग क्रम असा: टेबलावर मेण, खालचं कापड, त्यावर रेझिन, रबरी पट्टीने पसरवायचं, कापड पारदर्शक दिसायला लागलं की पुरे. कोअरला दोन्ही बाजूंनी रेझिनचा हात फिरवून मग तो ठेवायचा, नाहीतर तो कापडातलं शोषून घेतो. वरून कापड, मग पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकं पाडलेली फिल्म, जादा रेझिन शोषणारं ब्रीदरचं कापड आणि शेवटी बॅग. बॅग टेबलाच्या पृष्ठभागालाच सील करा. बोर्ड अख्खा पिशवीत घातला तर हवा चारही बाजूंनी सारखीच दाबते आणि बोर्ड टेबलाला टेकतच नाही, मग रॉकर कसला येतोय. अर्धा बार व्हॅक्यूमला बोर्डवर अडीच टनांचा दाब येतो, एवढी वजनं कुणी रचू शकत नाही. आणि हे काम खोली थंड होत जाताना, संध्याकाळी करा, कारण खोली तापत गेली तर लाकडातली हवा फुगून बुडबुडे सोडते.

रात्रभर पंप चालू. काढायची घाई नको, २४ तास टेबलावरच राहू द्या, जमलं तर नंतर टेबलावरच ४५-५० अंशांच्या उबेत काही तास ठेवा.

पील प्लाय सोलला की पुढचं सोपं आहे: जिगसॉने कापा, कडा घासा, पाण्याने पुसत ओलं पॉलिश पेपर मारा म्हणजे काचेची धूळ उडत नाही, तरी मास्क ठेवाच. आंघोळ आधी गार पाण्याने करा, गरम पाण्याने ती खाज अंगात मुरते असा माझा तरी अनुभव आहे. इन्सर्ट दाट इपॉक्सीत बसवा आणि स्क्रूची लांबी आधी मोजा, माझ्या दुसऱ्या बोर्डला एक स्क्रू ३ मिलिमीटर लांब होता, पॅड आवळता आवळता तळाला बारीक फोड आला आणि टिक् आवाज झाला, तो आवाज अजून आठवतो.

रंग फिका द्या. घरी वाळवलेलं इपॉक्सी भर उन्हातल्या काळ्या बोर्डवर मऊ पडू शकतं आणि रॉकर उतरतो. पाण्यात नेण्याआधी बोर्ड दोन विटांवर ठेवून मधे उभे राहा, मधला भाग किती खाली जातो ते मोजा, आणि तेच मित्राच्या बोर्डवर करून बघा. तुमचा फारच कमी वाकला तर टोकांकडे कापड जास्त झालंय की कोअर जाड राहिलाय ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी रांधा कुठे फिरवायचा ते तिथूनच कळतं.