गर्दीच्या वेळी लोकलची तिकीट तपासणी कशी करावी

तिकीट तपासनीसाने सकाळच्या गर्दीत आधी आपली उभे राहण्याची जागा ठरवावी आणि मगच प्रवाशांना थांबवावे. जिन्याच्या पायथ्याशी किंवा पादचारी पुलावर एकालाही अडवू नये, कारण गाडी फलाटाला लागली की मागून लोंढा येतच राहतो आणि पुढचा एक जण पिशवीत पास शोधू लागला, तरी रेटारेटी सुरू होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. तिचा तपासणीशी संबंध नव्हता, पण अरुंद पुलावर गर्दी थबकली की काय होते, हे मुंबईने त्या दिवशी पाहिले. म्हणून जिना सोडून मोकळ्या जागी, भिंतीलगत उभे राहावे आणि ज्याला थांबवायचे त्याला बाजूला घेऊनच तिकीट मागावे.

मोबाईलवरचे तिकीट ॲपमध्येच उघडून पाहावे. स्क्रीनशॉट चालत नाही. खिशातून फोन काढून ॲप उघडेपर्यंत लागणारा वेळ प्रवाशाला द्यावा. ‘लवकर दाखवा’ असा घोशा लावल्याने नेटवर्क येत नाही, प्रवासी मात्र गोंधळतो. पासासोबत ओळखपत्र मागावे.

डब्यातली तपासणी दुपारी करणे बरे. बोरिवली ते अंधेरी न थांबणाऱ्या जलद लोकलमध्ये पहिल्या वर्गाचा डबा सावकाश पाहून होतो. ऐन गर्दीत तिथे हात हलवायलाही जागा नसते.

विनातिकीट प्रवाशाकडून भाडे आणि किमान २५० रुपये दंड घेऊन पावती तिथल्या तिथे द्यावी. दुसऱ्या वर्गाचा पास घेऊन पहिल्या वर्गात सापडलेल्यालाही दंड चुकत नाही. पण दादरला गर्दीच्या रेट्याने आत ढकलल्या गेलेल्या माणसाशी फुकट्याशी बोलावे तसे बोलू नये, आणि चारचौघांत आवाज तर मुळीच चढवू नये.

पैसे भरायला नकार देणाऱ्याला गाडीतून उतरवता येते. मात्र सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३९ नुसार फक्त दिवसा, आणि तेही प्रवास सुरू केलेल्या, जंक्शनच्या, शेवटच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाच्या स्थानकावरच उतरवता येते. रात्रपाळीला जाणाऱ्या प्रत्येक तपासनीसाला हे कलम पाठ असले पाहिजे.