छाती दगडासारखी झाली तेव्हा
बाळंतपणाचा चौथा दिवस, नागपूरचा मे महिना, आणि दूध दाटून छाती दगडासारखी घट्ट. बाळाच्या तोंडात बोंडशीच येईना. ते रडे, मीही रडे. आई गरम शेक देत राहिली, त्यानं ठणका वाढलाच. मग नर्सताईंनी शिकवलं: बोंडशीभोवती बोटं टेकवून आत, बरगड्यांकडे, मिनिटभर हलकं दाबायचं. सूज मागे सरली, बोंडशीभोवतीचा काळा भाग मऊ झाला. हातानं थोडंसंच दूध काढलं आणि बाळानं घट्ट पकडलं! तो घोटाघोटाचा आवाज अजून कानात आहे. पाजून झालं की गार पाण्यात पिळलेल्या पंच्याची घडी. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजलं. पंपानं छाती पूर्ण रिकामी करू नका गं, दूध आणखी बनतं आणि पुन्हा दाटतं. मला दोन दिवसांत उतार पडला. ताप आला किंवा लाल चट्टा दिसला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.