जमिनीत रॉड ठोकला म्हणजे अर्थिंग झालं?
नुसत्या रॉडवर भिस्त ठेवणं सर्वांत घातक. रॉडचा रोध 20 ओहम असेल, तर 230 व्होल्टला बिघाडात जेमतेम 11.5 अँपिअर वाहतात. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट वाहिला की पडणारा स्विच) ढिम्म राहतो आणि गीझरच्या पत्र्यात करंट तसाच. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्ट बटण दर तीन महिन्यांनी दाबा. पण त्याने अर्थिंग तपासलं जात नाही.

दुसरा उद्योग: सॉकेटमध्येच न्यूट्रल-अर्थ जोडणारा तारेचा तुकडा. न्यूट्रल मागे कुठे तुटला, की फ्रिजचं अंग थेट 230 व्होल्टवर. मेन बंद करा, मल्टीमीटरने खात्री करा (मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, निऑन टेस्टर पुरेसा नाही), मग झाकण उघडा. तुकडा दिसला तर काढा आणि बोर्डाच्या अर्थ पट्टीपासून स्वतंत्र हिरवी तार इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या. तोवर सॉकेट बंद.