कॉम्प्युटर हळू झालाय, मधूनच बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

घरचा कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की आपण काय करतो? एखादं ‘क्लीनर’ डाउनलोड करतो, मग एखादं ‘बूस्टर’, मग ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करून देणारं काहीतरी. कशानेच फरक पडला नाही की फॉरमॅट. या सगळ्यात बिघाड नेमका कुठे आहे हे पाहायचं राहूनच जातं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: कॉम्प्युटर हळू चालतोय, की बंद पडतोय? ही दोन वेगळी दुखणी आहेत. हळू चालण्यामागे बहुतेक वेळा डिस्क, अपुरी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) किंवा मागे चालणारे प्रोग्रॅम असतात. अचानक रीस्टार्ट होणं, निळी स्क्रीन येणं यामागे खराब रॅम, ड्रायव्हर, वीजपुरवठा किंवा उष्णता असू शकते. दोन्ही एकदम व्हायला लागलं, तर माझा पहिला संशय डिस्कवर जातो.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. कॉम्प्युटर अडकलेला असतानाच तो बघा, सुरळीत चालू असताना बघून उपयोग नाही. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसले की लोक लगेच डिस्कला दोष देतात. पण शेजारचा मेमरीचा आकडाही वाचा. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये हलवतं आणि लागेल तसा परत आणतं. अशा वेळी राबते डिस्क, पण कमी पडलेली असते रॅम. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर आधी ब्राउझरचे टॅब आणि सुरू होतानाच चालू होणारे प्रोग्रॅम कमी करा. मेमरी मोकळी असूनही जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवरच राहत असेल, तर एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. हार्ड डिस्कला माहितीच्या जागेपर्यंत पोहोचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ती. डिस्क कुरकुर करतेय, फायली उघडताना अडकतेय, म्हणून आपण विंडोजमधली डिस्क तपासणी, म्हणजे ‘चेकडिस्क’, चालवतो. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर खराब सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) शोधणारी ती लांबलचक तपासणी तिला इकडून तिकडे पिदडते, आणि जे वाचवता आलं असतं तेही हातातून जातं. माझ्या घरच्या डिस्कचं हेच झालं. तपासणी अर्ध्यावर असताना डिस्क दिसेनाशी झाली आणि तिच्यावरचे कित्येक वर्षांचे फोटो गेले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या, मग तपासणी.

डिस्कची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. ‘रीअलोकेटेड सेक्टर काउंट’ (खराब म्हणून बदललेले सेक्टर) आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ (संशयित सेक्टर) या दोन ओळी बघा. तिथले आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर त्या डिस्कवर विसंबू नका. ‘सीआरसी एरर काउंट’ (माहिती पाठवताना झालेल्या चुका) एवढाच वाढत असेल, तर मात्र डिस्क फेकू नका. बहुतेक वेळा दोष डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल नीट बसवली किंवा बदलली की वाढ थांबते.

फॉरमॅटबद्दलही बोलायला हवं. रॅमची पट्टी खराब असेल तर फॉरमॅटने काहीच सुटत नाही. उलट नवं विंडोज बसतानाच त्याच्या फायली बिघडू शकतात, आणि चार दिवसांनी पुन्हा तीच निळी स्क्रीन. पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारा ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. एक जरी चूक सापडली तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. मग एकेक पट्टी वेगळी लावून तपासा, म्हणजे दोषी कोणती ते कळेल. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू असेल तर ते बंद करून आधी बघा, कधी कधी पट्टी चांगली असते आणि फक्त तो वेग तिला झेपत नसतो.

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू झालं की कॉम्प्युटर मंदावतो? तापमान बघा. बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. कॅबिनेटमधली धूळ काढताना प्लग काढा आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरू देऊ नका. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची वाट बुजते, एवढं साधं कारणही पुष्कळदा असतं.

ताण आला की कॉम्प्युटर एकदम बंदच होत असेल तर एसएमपीएसही (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) तपासून घ्या. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून मात्र तो लगेच बदलू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ करणाऱ्या क्लीनरच्या वाटेला जाऊ नका, त्याने वेग वाढत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. पेज फाइल बंद करू नका. एसएसडीला डीफ्रॅगचा (विखुरलेल्या फायली एकत्र लावणारा) वेगळा प्रोग्रॅम लावू नका, तिची निगा विंडोज स्वतः राखतं. आणि रोज शटडाउन करता म्हणजे मशीन दररोज नव्याने सुरू होतं असं धरून चालू नका. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून तसाच परत उचलला जातो. पूर्ण नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’च करा.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस वापरून पाहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. त्रास कधीपासून सुरू झाला हे आठवत नसेल तर स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप करून तो इतिहास उघडा. लाल फुल्या ज्या तारखेपासून दिसायला लागतात तिच्यावर क्लिक करा. त्या दिवशी कोणता प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा अपडेट बसला ते खालीच लिहिलेलं असतं. पहिल्यांदा तेच काढून पाहा.